शिंजूचा कापूस आणि हलीमाचे केस

अंगठ्याएवढी एक शिंजीर होती. नाव तिचं शिंजू. पिवळं पोट, बाकदार चोच. आंब्याच्या डहाळीला तिचं घरटं टांगलेलं. लांबोडकं, पिशवीसारखं.

घरटं झालं होतं. फक्त आत मऊ गादी नव्हती. आणि आज अंडं येणार होतं. उद्या नाही, परवा नाही. आज!

शिंजूने सावरीचा कापूस आणला. एकच पुंजका. झाडावरचा अगदी शेवटचा. बाकी सगळा वाऱ्याने नेला होता.

शिंजू निघाली, भुर्र भुर्र. वारा आला, सूं सूं. चोच सुटली. कापूस उडाला. आणि पडला कुठे?

हलीमाच्या डोक्यात!

अगं बाई गं!

ही हलीमा. चार वर्षांची. समुद्राकाठच्या गावात राहते. तिचे अब्बा सिद्दी समाजाचे. अब्बांचे केस काळे काळे, दाट दाट, कुरळे कुरळे. हलीमाचेही अगदी तसेच. एक बट ओढा, खांद्यापर्यंत येते. सोडा. टुणुक! परत कानापाशी.

पण आज त्या केसांत गाठीच गाठी. सकाळी अम्मीने फणी घेतली. उवा काढायची, बारीक दातांची. कोरड्या केसांत घातली. वरून खाली ओढली. कट्ट! फणीचे दात मोडले. हलीमा किंचाळली. अम्मी दचकली. कोंबडी घाबरून छपरावर चढली.

अम्मी काही दुष्ट नाही हं. अम्मीचे स्वतःचे केस सरळ. सुळसुळीत. त्यात फणी सुळ्ळकन जाते. म्हणून करायला गेली एक, झालं भलतंच.

आणि अब्बा? अब्बा मोठ्या बोटीवर. दूर दूर.

शिंजू आली टुणुक टुणुक. हलीमाच्या खांद्यावर बसली.

"केसांनो, केसांनो, सुटा! माझा कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

केस म्हणाले, "नाही सुटत, जा! फणीने आम्हाला ओढलं. आम्ही रुसलोय. कंगवा हळू चालू दे, मग आम्ही सुटू."

शिंजू थक्क! चोच उघडी ती उघडीच. केससुद्धा रुसतात? आं?

पण अंडं काही थांबणार नव्हतं. शिंजू निघाली. भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

खिडकीत कंगवा होता. लाकडी. रुंद रुंद दातांचा. अब्बांचा.

"कंगव्या, कंगव्या, हळू चाल! केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

कंगवा म्हणाला, "नाही चालत, जा! फणीचे दात मोडले. माझेही मोडतील. आधी तेल लागू दे, मग मी चालतो."

शिंजू थक्क! चोच उघडी ती उघडीच. एवढे मोठे दात, आणि घाबरतो? आं?

भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

फळीवर तेलाची बाटली होती. खोबरेल तेल. बाटलीला बूच.

"तेला, तेला, केसांना लाग! कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

तेल म्हणालं, "नाही लागत, जा! कोरड्या केसांवर मी नुसतं वर वर बसतं. आधी कोमट पाणी येऊ दे. केस भिजू देत. मग मी लागतं."

शिंजू थक्क! चोच उघडी ती उघडीच. तेलाला पाणी हवं? आं?

भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

मागच्या दारी हंडा होता. हंड्यात पाणी. विहिरीचं, गारढोण.

"पाण्या, पाण्या, ताप! तेल लागेना, कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

पाणी म्हणालं, "नाही तापत, जा! माझं मी कसं तापू? चूल पेटू दे, मग मी तापतं."

शिंजू हंड्याच्या काठावर बसली होती. पायाला पाणी लागलं. हुडहुड! गार म्हणजे किती गार!

भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

हंड्याशेजारी चूल होती. चुलीत राख. राखेत एक निखारा. झोपलेला.

"चुलीबाई, चुलीबाई, पेटा! पाणी तापेना, तेल लागेना, कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

चूल म्हणाली, "नाही पेटत, जा! माझा निखारा निजलाय. फुंकणी फुंकू दे, मग मी पेटते."

शिंजूने स्वतःच फुंकर घातली. फू! राख उडाली. चोचीत गेली. आक्छी! निखारा काही उठला नाही. शिंजू मात्र पिवळीची पांढरी झाली.

भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

कोपऱ्यात फुंकणी होती. लांब, काळी, पोकळ.

"फुंकणी, फुंकणी, फुंक! चूल पेटेना, पाणी तापेना, तेल लागेना, कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

फुंकणी म्हणाली, "नाही फुंकत, जा! मी नुसती नळी. माझ्या पोटात काही नाही. अम्मी उठू दे, मग मी फुंकते."

शिंजूने नळीत डोकावलं. खरंच! इकडून पाहिलं तर तिकडचा उजेड दिसला. शिंजू थक्क! चोच उघडी ती उघडीच.

भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

अम्मी उंबऱ्यावर बसली होती. हातात मोडकी फणी. डोळ्यांत पाणी.

"अम्मी, अम्मी, ऊठ! फुंकणी फुंकेना, चूल पेटेना, पाणी तापेना, तेल लागेना, कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

अम्मी म्हणाली, "नाही उठत, जा! उठून काय करू? माझे केस सरळ. लेकीचे कुरळे. मला जमत नाही गं. मी हात लावला की लेक रडते."

आणि अम्मी हळूच म्हणाली, "त्यापेक्षा कात्री बरी."

शिंजू थक्क! एवढी मोठी अम्मी, आणि तिला जमत नाही? आं?

कात्री म्हणजे काय, ते शिंजूला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे ना? सांगू नका हं तिला.

भुर्र भुर्र, टुणुक टुणुक.

खुंटीवर कात्री होती. लांब नाक, दोन गोल डोळे. लखलख चमकत होती.

"कात्री, कात्री, ये! अम्मी उठेना, फुंकणी फुंकेना, चूल पेटेना, पाणी तापेना, तेल लागेना, कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

कात्री म्हणाली, "येते की!"

काय? येते म्हणाली? कोणीच हो म्हणत नव्हतं. ही एका दमात हो म्हणाली!

"चूल नको, पाणी नको," कात्री म्हणाली. "तेल नको, कंगवा नको. आत्ता येते. या कानापासून त्या कानापर्यंत. कच कच कच! केस खाली, कापूस मोकळा."

शिंजूच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने खिडकीतून पाहिलं. हलीमाने सगळं ऐकलं होतं. दोन्ही हात डोक्यावर. डोळे हे एवढे मोठे.

"माझे केस नको ना कापू," हलीमा म्हणाली. "माझे अब्बांसारखे आहेत."

शिंजूच्या पोटात अंडं हललं. कापूस हवा होता. आत्ताच्या आत्ता हवा होता. हो म्हटलं की मिळाला.

मग शिंजूने आपले पंख पाहिले. माझी पिसं कोणी कच कच कापली तर? बाप रे बाप!

"नको!" शिंजू ओरडली. "कात्री नको! नको म्हणजे नको!"

"बघ हं," कात्री म्हणाली. "मी खुंटीवरच आहे."

शिंजू घाबरून सुसाट उडाली. भुर्र भुर्र भुर्र! एक घर गेलं. दुसरं घर गेलं. तिसऱ्या घराच्या खिडकीत धप्पकन बसली.

आणि आत पाहते तर काय!

आत एक बाई. डोक्यावर केसच केस. काळे काळे, दाट दाट, कुरळे कुरळे. हलीमासारखेच! फक्त मोठे. हे एवढे मोठे! आणि गाठ? एकसुद्धा नाही.

शिंजू थक्क! चोच उघडी ती उघडीच.

ही बिलकीस आपा. हिचं घरातच पार्लर होतं. पुढच्या खोलीत आरसा, मागच्या खोलीत मांजर. आपा केसांवर पाणी मारत होती. फुस्स फुस्स. बोटांनी बटा सोडवत होती. गुणगुणत होती.

"आपा, आपा, ये! कात्री टळेना, अम्मी उठेना, फुंकणी फुंकेना, चूल पेटेना, पाणी तापेना, तेल लागेना, कंगवा चालेना, केस सुटेनात, कापूस मिळेना. आणि माझं अंडं थांबेना!"

आपाचं गुणगुणणं थांबलं.

"कात्री?" आपा म्हणाली. "कोणाच्या केसांना कात्री?"

"हलीमाच्या!"

"दोन घरं सोडून राहते ती हलीमा? मेहरूनची लेक?"

"तीच!"

आता आपाचं तोंड उघडं ते उघडंच. "या अल्ला! अन् मला कोणी विचारलंसुद्धा नाही?"

आपा उठली. रुंद कंगवा नाही घेतला, आरसा नाही घेतला. एकच चप्पल पायात अडकवली आणि धावली. चटक पटक, चटक पटक. वर शिंजू, भुर्र भुर्र. मागे मांजर. मांजर का आली, ते कोणालाच कळलं नाही.

आपा दारात आली. अम्मी उंबऱ्यावरच होती.

"मेहरून, मी दोन घरं पलीकडे राहते. विचारायचं नाहीस होय गं?"

अम्मीने मान खाली घातली. "लाज वाटली, आपा. आई मी. आणि माझ्याच लेकीचे केस मला विंचरता येत नाहीत. लोक काय म्हणतील? तुम्ही काय म्हणाल?"

"मी म्हणेन, चल, शिकवते! मला काय पोटातून येत होतं? माझ्या अम्मीने शिकवलं. पहिल्या दिवशी मीसुद्धा एक कंगवा मोडला."

अम्मी थक्क! "तुम्ही? मोडला?"

"दोन तुकडे! ऐक. ती फणी ठेव बाजूला. कोरड्या केसांना हात लावायचा नाही. आधी पाणी, मग तेल. मग रुंद कंगवा. तोही वरून नाही, टोकाकडून. ऊठ बघू!"

आणि मग काय झालं?

अम्मी उठली! फुंकणी फुंकली, फू फू फू! चूल पेटली, धडधड धडधड! पाणी तापलं, बुडबुड बुडबुड! गार पाण्यात मिसळलं, कोमट कोमट झालं. केस भिजले, टप टप टप! तेल लागलं, चप चप चप!

आपाने केसांचे चार वाटे केले. तीन बांधून ठेवले. एक हातात घेतला.

"मुळाशी बोटं धर," आपा म्हणाली. "म्हणजे ओढ बसत नाही. आता टोकाकडून. हळू."

कंगवा चालला. सुळ्ळ. अम्मीने श्वास धरला. हलीमाने डोळे मिटले. किंचाळी येणार, आता येणार...

आलीच नाही.

"दुखलं?" अम्मीने विचारलं.

"कधी?" हलीमा म्हणाली.

अम्मी हसली. आणि रडली. दोन्ही एकदम.

पहिला वाटा सुटला. आतून काय निघालं? फणीचा दात!

दुसरा वाटा सुटला. आतून काय निघालं? अजून एक दात!

तिसरा वाटा सुटला. आतून काय निघालं? चुरमुरा! "हा कधीचा गं?" अम्मी म्हणाली. हलीमालाही आठवेना.

चौथा वाटा सुटला. आणि आतून निघाला...

कापूस!

"मिळाला! मिळाला!" शिंजू टुणुक टुणुक नाचली. कापसावर झेप घातली. आणि गप्पकन थांबली.

अरे देवा! हा कापूस? पाण्याने भिजलेला. तेलाने चिकटलेला. चपटा, जसा काही पापड. चोचीने उचलला तर चोचीला चिकटला. झटकला तर पायाला चिकटला.

सगळ्यांचे चेहरे पडले. अम्मीचा पडला. आपाचा पडला. एवढं सगळं केलं, आणि गादी नाहीच? शिंजूला रडू आलं. खूप खूप रडू आलं. अंडं आता येणार होतं. घरटं रिकामं होतं.

तेवढ्यात हलीमाने कंगवा उचलला.

कंगव्यात केस अडकले होते. सुटलेले, गळलेले. काळे काळे, कुरळे कुरळे. हलीमाने ते काढले. गोल गोल गुंडाळले. चिमुकली वाटी झाली. अम्मीने ओढणीने तिचं तेल पुसलं.

हलीमाने बोटाने वाटी दाबली. सोडली. टुणुक! परत फुगली.

पुन्हा दाबली. सोडली. टुणुक!

"ही चपटी होतच नाही," हलीमा म्हणाली. "घे. तुझ्या अंड्याला."

शिंजू थक्क! चोच उघडी ती उघडीच. पण या वेळी मिटावी लागली. वाटी धरायची होती ना!

भुर्र भुर्र भुर्र! शिंजू घरट्यात शिरली. वाटी आत ठेवली. पिसं पसरली, बसली. सगळे आंब्याखाली उभे. अम्मी, आपा, हलीमा, एक चप्पल आणि एक मांजर. सगळ्यांच्या माना वर.

टुप!

"आलं!" घरट्यातून आवाज आला. "आलं गं बाई, आलं!"

वारा सुटला, सूं सूं. घरटं डुललं, इकडे तिकडे. अम्मीने तोंडावर हात ठेवला. अंडं पडणार!

नाही पडलं. केसांनी धरून ठेवलं.

आता हलीमाच्या डोक्यावर चार वेण्या आहेत. अम्मीने घातल्या. एक जरा वाकडी आहे. आपा म्हणाली, राहू दे, छान आहे. दर शुक्रवारी अम्मी पाणी तापवते आणि हाक मारते, "हलीमा, ये गं!" आणि हलीमा पळून जात नाही. धावत येते.

आणि आंब्याखालून कोणीही जाऊ दे, हलीमा त्याला थांबवते. वर बोट दाखवते.

"ते घरटं दिसतं? त्यातलं अंडं माझ्या केसांत निजलंय."

केसांची गाठ सुटली, गोष्टीचीही सुटली. आता तुमच्या डोक्यात काय अडकलंय, ते बघू या!